संत्रं, मिरी, वेलदोडा: ३० मिली परफ्यूम घरी बांधायची कृती

लिंबूवर्गातला ताजेपणा आणि मसाल्याची ऊब एकाच बाटलीत आणायला गेलं की पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांचं एकच होतं. फवारल्यावर दहा मिनिटं संत्र्याची साल नुकती सोलल्यासारखा वास येतो. अर्ध्या तासात तो उडून जातो आणि मनगटाला पुलावाच्या खड्या मसाल्याचा वास उरतो. मग उपाय म्हणून संत्र्याचं तेल दुप्पट घातलं जातं. त्याने सुरुवातीचा भपका तेवढा वाढतो, वास फार तर पाच-दहा मिनिटं जास्त टिकतो. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. हलका रेणू तो, उडणारच.

खरी मेहनत घ्यायची ती संत्रं आणि मसाला यांच्या सांध्यावर. संत्रं उडत असताना त्याच्याच नात्यातलं काहीतरी नाकाशी राहिलं, तर संत्रं गेलंय हे नाकाला लवकर कळत नाही. हे नातं शब्दशः आहे. बर्गमॉट या लिंबूवर्गातल्या फळाच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट भरपूर असतं. धन्याच्या तेलातही निम्म्याहून जास्त लिनालूलच. काळी मिरी आणि जायफळ यांच्या तेलांत पायनीन, सॅबिनीन आणि लिमोनीन असतात, म्हणजे सालीचाच गोतावळा. वेलदोड्यात टर्पिनिल ॲसिटेट असतं, त्याचा वास बर्गमॉटच्या अंगाने जातो. उलट लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीच्या सालीतलं सिनॅमाल्डिहाइड यांचं संत्र्याशी काहीच लागत नाही. म्हणून लवंग चिमूटभर आणि दालचिनी वगळलेली बरी. दालचिनीच्या सालीचं तेल त्वचेला ॲलर्जी आणणाऱ्यांतलं आहे, हे वेगळंच कारण.

हे नातं घरच्या घरी तपासायचं असेल तर तिरफळ चुरडून बघा. कोकण-गोव्यात बांगड्याच्या नाहीतर पेडव्याच्या कालवणात पडणारं हे फळ लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं, बेल आणि कढीपत्त्याचंही कूळ तेच. एकाच टरफलात संत्र्याची साल आणि मिरीचा चटका दोन्ही सापडतात. आपल्याला बाटलीत हेच करायचंय.

साहित्य आणि प्रमाण

खालचं प्रमाण ५ ग्रॅम अर्काचं आहे. त्यात २० ग्रॅम अल्कोहोल घातलं की २५ ग्रॅम, म्हणजे साधारण ३० मिली परफ्यूम होतं. वजन आणि आकारमान जुळत नाही म्हणून गोंधळू नका. परफ्यूमचं अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, १ मिलीचं वजन सुमारे ०.८ ग्रॅम भरतं. अर्काचं प्रमाण २० टक्के, म्हणजे ओ द परफ्यूमच्या वर्गातलं.

वरचा ताजा थर:
बर्गमॉट, एफसीएफ: ०.९५ ग्रॅम
गोड संत्र्याचं तेल: ०.६०
पेटिटग्रेन: ०.१५
ऊर्ध्वपातित हिरवं लिंबू: ०.१०

मसाला:
धने: ०.२०
वेलदोडा: ०.१५
काळी मिरी: ०.१०
जायफळ: ०.०६
लवंग (कळीचं तेल): ०.०४

मधला फुलांचा थर:
हेडिओन: ०.९५
जिरेनियम: ०.१५

तळ:
आयसो ई सुपर: ०.६०
बेंझॉइन म्हणजे ऊद, ५० टक्के द्रावण: ०.४२
एथिलिन ब्रासिलेट: ०.३५
वाळा: ०.१२
पॅचुली (एका सुगंधी झुडपाच्या पानांचं तेल): ०.०६

काही नावं अनोळखी वाटतील. पेटिटग्रेन हे कडू संत्र्याच्या पानांचं आणि कोवळ्या डहाळ्यांचं तेल. हिरवट, जरासं कडसर. सालीचं तेल उडाल्यावर झाडाची आठवण हेच ठेवतं. हेडिओनचं रासायनिक नाव मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट. त्याचा स्वतःचा वास इतका हलका की नवख्यांना बाटली रिकामी आहे की काय असं वाटतं, पण ते घातल्याने लिंबूवर्ग मोकळा आणि लांबट होतो. १९६६ साली आलेल्या दिओरच्या ‘ओ सोवाज’मध्ये एदमाँ रूदनित्स्का यांनी ते वापरलं आणि तेव्हापासून ताज्या परफ्यूमचं त्यावाचून क्वचितच चालतं. आयसो ई सुपर म्हणजे कोरडं, मऊ लाकूड. एथिलिन ब्रासिलेट म्हणजे गोडसर कस्तुरीसारखा कृत्रिम मस्क, दुकानात तो मस्क टी या नावानेही मिळतो. ‘सगळं नैसर्गिकच हवं’ असा हट्ट असेल तर हे तिन्ही वगळता येतील, पण मग दोन तासांनंतर ऊद, वाळा, पॅचुलीखेरीज फारसं काही उरावं ही अपेक्षाही सोडावी लागेल.

बर्गमॉटपुढचं ‘एफसीएफ’ वाचून पुढे जाऊ नका. साध्या, दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टिन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात, ते महिनोनमहिने जात नाहीत. एफसीएफ तेलातून हे द्रव्य काढलेलं असतं. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमात साध्या बर्गमॉटची मर्यादा तयार परफ्यूमच्या ०.४ टक्के आहे. आपल्या २५ ग्रॅमला फक्त ०.१ ग्रॅम. वरच्या यादीत ते ०.९५ आहे, म्हणजे साधं तेल वापरलं तर मर्यादेच्या साडेनऊ पट. साधंच हाताशी असेल तर ०.१० ग्रॅम घ्या आणि उरलेल्या ०.८५ च्या जागी ०.४० लिनालिल ॲसिटेट, ०.१० लिनालूल आणि ०.३५ गोड संत्रं घाला. जवळ जाईल, तंतोतंत होणार नाही. हिरव्या लिंबाचंही तसंच: दाबून काढलेलं नको, ऊर्ध्वपातनाचं हवं. गोड संत्र्याला ही अडचण नाही.

खरेदी करताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि सुरक्षापत्रक देणारा विक्रेता बघा. मेणबत्ती-साबणासाठीचं ‘ऑरेंज फ्रेग्रन्स ऑइल’ ही वेगळी वस्तू आहे, ते इथे चालत नाही. नागपुरी संत्र्याच्या साली अल्कोहोलमध्ये भिजवून काम भागेल का, असं पुष्कळजण विचारतात. भागत नाही. ओल्या सालीतलं पाणी अल्कोहोलमध्ये उतरून द्रावण गढूळ होतं, आणि वाळवलेल्या सालीतून बरंचसं लिमोनीन आधीच उडालेलं असतं. हाती येतो तो मुरंब्यासारखा मंद वास.

तिरफळाचा अर्क मात्र करून बघण्यासारखा आहे. आतल्या काळ्या बिया टाकून द्या, १० ग्रॅम कोरडी टरफलं जराशी कुटा, ५० ग्रॅम अल्कोहोलमध्ये दोन आठवडे ठेवा आणि गाळा. शेवटच्या अल्कोहोलमधलं १-२ ग्रॅम याने बदलायचं. रंग थोडा येईल.

अल्कोहोलबद्दल तडजोड नको. शुद्ध इथेनॉलवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, म्हणून सुगंध-साहित्य विकणाऱ्यांकडचं डीनेचर केलेलं, म्हणजे पिण्याजोगं न ठेवलेलं परफ्युमर्स अल्कोहोल घ्यावं, ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरिन आणि पाणी असतं. इंजेक्शनच्या आधी पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दवाखान्यासारखा वास सोडतं आणि तो वास काही केल्या लपत नाही.

तोलण्याची तयारी

थेंब मोजू नका. पातळ संत्र्याचा थेंब आणि घट्ट वाळ्याचा थेंब यांच्या वजनात मोठा फरक असतो, ड्रॉपर बदलला की तोही बदलतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेलच. सोन्या-चांदीसाठी मिळतो तसला चालतो.

पण त्या काट्यावर ०.०४ ग्रॅम लवंग तोलायची म्हणजे एका आकड्याची चूक झाली तरी पाव हिस्सा चुकला. म्हणून लवंग, जायफळ आणि पॅचुली यांची आधी १० टक्के द्रावणं करून ठेवा: प्रत्येकी ०.५० ग्रॅम तेल, ४.५० ग्रॅम अल्कोहोल. मग लवंगेचं द्रावण ०.४० ग्रॅम, जायफळाचं ०.६० आणि पॅचुलीचं ०.६० घ्यायचं. यातून १.४४ ग्रॅम अल्कोहोल आधीच आत येतं, म्हणून शेवटी २० ऐवजी १८.५६ ग्रॅम घालायचं.

भांडी काचेची. लिमोनीन थर्माकोल विरघळवतं आणि डिस्पोजेबल ग्लासचंही काही खरं नाही. ड्रॉपरचं रबरी बोंडकं तेलाच्या वाफेने फुगतं, त्यामुळे ड्रॉपर तेलाच्या बाटलीला कायमचा लावून ठेवू नका. प्रत्येक तेलाला वेगळा पिपेट घ्या. हे काम गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा. अल्कोहोलची वाफ आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते.

मिसळण्याचा क्रम

तळापासून वर जायचं. संत्रं आधी घातलं तर बाकीचं तोलेपर्यंत त्यातलं थोडं उडून जातं, आणि ताज्या वासाच्या भपक्यात तळाची चूक नाकाला कळत नाही.

छोटी काचेची कुपी काट्यावर ठेवून शून्य करा. आधी बेंझॉइन. ते मधासारखं घट्ट असतं, बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात धरली की ओघळतं. मग वाळा, आयसो ई सुपर, एथिलिन ब्रासिलेट, पॅचुलीचं द्रावण. प्रत्येक घटकानंतर काटा पुन्हा शून्य करा आणि पडलेलं वजन लिहून ठेवा. ठरवलेलं नव्हे, प्रत्यक्ष पडलेलं. हलकेच फिरवून एकजीव करा आणि कागदाच्या पट्टीवर वास घ्या. ओल्या लाकडाला थोडा ऊद दिल्यासारखा वास यावा. मातीचा वास वर येत असेल तर वाळा जास्त पडलाय.

आता हेडिओन आणि जिरेनियम, त्यामागून मसाला: धने, मिरी, वेलदोडा, जायफळाचं द्रावण, सगळ्यात शेवटी लवंगेचं. इथे पाच मिनिटं थांबा. लवंग आणि जिरेनियम एकत्र आले की कार्नेशनच्या फुलासारखी छटा तयार होते, आणि मसाला स्वयंपाकघरातून बाहेर पडतो तो याच टप्प्यावर. ही छटा आली नाही आणि मिश्रण चहाच्या मसाल्याकडे झुकलं, तर वेलदोडा वाढवायचा मोह आवरा. जिरेनियम ०.०३ ग्रॅमने वाढवा.

मराठी नाकाची एक अडचण इथे सांगायला हवी. युरोपात वेलदोडा बाटलीत आला की तो थंड, चकचकीत वाटतो. आपल्याला तो श्रीखंडातून, पुरणपोळीतून, चहातून ओळखीचा. त्यामुळे परदेशी कृतीतलं वेलदोड्याचं प्रमाण आपल्याकडे जसंच्या तसं उचललं की परफ्यूम गोडधोडासारखं वाटू लागतं. वरची ०.१५ ही मात्रा मुद्दाम हात राखून ठेवलेली आहे, आणि धने जास्त आहेत ते त्यामुळेच. धन्याचं तेल वासाला डब्यातल्या धनेपुडीसारखं लागत नाही. ते फुलांकडे झुकतं.

शेवटी पेटिटग्रेन, हिरवं लिंबू, संत्रं आणि बर्गमॉट. झाकण लावून फिरवा. आता कुपीत साधारण ६.४४ ग्रॅम ऐवज असेल. एखादा घटक जास्त पडला तर काढता येत नाही. तो किती टक्क्यांनी जास्त झाला ते बघून बाकीचे सगळे तेवढ्याच टक्क्यांनी वाढवा.

मुरवणं

कुपी गळ्यापर्यंत भरलेली हवी. वर मोकळी हवा जितकी जास्त, तितकं लिमोनीन लवकर खराब होतं. म्हणून या मापाला १० मिलीची कुपी पुरेशी आहे. अंधारात, थंड जागी एक आठवडा ठेवा. मग ३० मिलीच्या बाटलीत १८.५६ ग्रॅम अल्कोहोल तोलून त्यात हा अर्क ओता आणि पुन्हा तीन ते चार आठवडे ठेवून द्या. पहिल्या दिवशी वास घेतला तर अल्कोहोल नाकात घुसतो, मिरी एकीकडे, संत्रं दुसरीकडे असं वाटतं. त्यावरून निष्कर्ष काढून त्याच दिवशी फेरफार करायला बसलात तर काम बिघडलं म्हणून समजा.

चार आठवड्यांनी बाटली घट्ट बंद करून २४ तास फ्रीजरमध्ये ठेवा. दाबून काढलेल्या तेलांतलं मेण आणि ऊदातला न विरघळलेला भाग तळाशी बसतो. बाटली गार असतानाच कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. खोलीच्या तापमानाला आणून गाळलं तर मेण परत विरघळतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. गाळताना एखादा मिली कागदात जाईल.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ४८ तास वाट बघा. खाज, लाली, पुरळ काहीही दिसलं तर ते कपड्यापुरतं ठेवा.

कुठे बिघडतं

गढूळ दिसलं की बहुतेक वेळा पाणी शिरलेलं असतं, ओली बाटली किंवा कमी तीव्रतेचं अल्कोहोल. लिंबूवर्गाची तेलं पाण्याला जुमानत नाहीत, थेंब होऊन बाहेर येतात. जास्तीचं तीव्र अल्कोहोल घातलं की साफ होतं, पण वास तेवढा पातळ होतो.

फरशी पुसायच्या द्रावणासारखा वास आला तर लिंबू जास्त झालंय. वर्षानुवर्षं सफाईच्या बाटल्यांनी लिंबाचा वास आपल्या डोक्यात पक्का करून ठेवलाय, त्याला इलाज नाही. लिंबू अर्ध्यावर आणा आणि बर्गमॉट तेवढं वाढवा. गवती चहाचं तेल जास्त टिकतं म्हणून घालायची कल्पना सुचते, पण त्यातलं सिट्रल हाच वास दुप्पट करतं, शिवाय त्वचेला त्रासदायक.

डोकेदुखीच्या बामची आठवण झाली तर दोष वेलदोड्यातल्या सिनिओलचा. दातदुखीवरच्या बोळ्याची झाली तर लवंगेचा. दोन्ही कमी करण्यावाचून उपाय नाही, वरून दुसरं काही घालून ते झाकलं जात नाही.

रंग किंवा टर्पेंटाइनसारखा वास येत असेल तर संत्र्याचं तेल जुनं आहे. हवा लागून लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं, आणि असं तेल त्वचेला ॲलर्जीही देऊ शकतं. ते टाकून द्यावं. म्हणून लिंबूवर्गाची तेलं छोट्या बाटल्यांत, फ्रिजमध्ये ठेवावीत आणि फोडल्यावर सहा महिने ते वर्षभरात संपवावीत. विदर्भातल्या मे महिन्यात कपाटात ठेवलेल्या तेलाची तर हमीच देऊ नये.

आणि एक तक्रार नेहमीची: हे आफ्टरशेव्हसारखं वाटतंय. खरं तर योहान मारिया फरिना याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोन शहरात विकायला घेतलेलं लिंबूवर्गी पाणी स्त्रिया आणि पुरुष दोघंही वापरत. पुढे लिंबू, मिरी आणि वाळा ही त्रयी पुरुषांच्या बाटल्यांत इतकी फिरली की नाकाला तसंच वळण लागलं. वाळा ०.०६ वर आणा, मिरी ०.०७ वर, आणि सुटलेली ०.०९ ग्रॅमची जागा जिरेनियमला ०.०५ आणि बेंझॉइनला ०.०४ अशी वाटून द्या. तेवढ्याने तोंडवळा बदलतो. गोडवा आणखी हवा असल्यास व्हॅनिलिनचं १० टक्के द्रावण ०.१० ग्रॅमपर्यंत, पण त्याने काही महिन्यांत रंग तपकिरी होत जातो.

वापर आणि फेरफार

उन्हाळ्यात मुंबईच्या दमट हवेत २० टक्के अर्क जड होतो. तिथे २.५ ग्रॅम अर्क आणि २२.५ ग्रॅम अल्कोहोल असं १० टक्क्यांचं करा. बाटली तीच, ३० मिलीची. द्रावणांमुळे ६.४४ ग्रॅम झालेल्या मिश्रणातून घेत असाल तर त्याचं निम्मं, ३.२२ ग्रॅम, आणि २१.७८ ग्रॅम अल्कोहोल. डिसेंबरातल्या पुण्या-नाशिकला मूळ प्रमाणच छान बसतं.

अल्कोहोल चालत नसेल तर रोल-ऑन करता येईल. त्यात द्रव्य म्हणून जोजोबा किंवा न गोठणारं, फ्रॅक्शनेटेड खोबरेल घ्या. घरचं खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजतं आणि त्याचा स्वतःचा वास असतो. लवंग, जायफळ, पॅचुलीची १० टक्के द्रावणंही मग अल्कोहोलऐवजी त्याच तेलात करायची. ऊदाचं द्रावण तेलात नीट मिसळत नाही, तळाशी चिकट राहतं, त्यामुळे ते वगळा. तेलातलं संत्रं अल्कोहोलसारखं उसळून येत नाही, पण मसाला अंगाशी जास्त वेळ राहतो.

कोरड्या त्वचेवर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावलं तर फरक पडतो. मनगटं एकमेकांवर घासू नका. ऊदामुळे फिकट कापडावर पिवळट डाग राहू शकतो आणि रेशमावर अल्कोहोलचाही, त्यामुळे पैठणी नेसण्याआधी फवारा, वाळू द्या, मग नेसा. मोत्यांची नथ आणि तन्मणी त्यानंतर. मोत्याची झळाळी परफ्यूमने जाते.

बाटलीवर तारीख आणि बॅच लिहून ठेवा. मैत्रिणींना भेट देताना घटकांची यादीही सोबत द्या, कुणाला लिनालूलची ॲलर्जी असेल तर तिला ते कळायला हवं. विकायचा विचार असेल तर बाटल्या भरण्याआधी कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खालचा उत्पादन परवाना लागतो.